तापाच्या पट्टीला स्पिरिट नको

मुलाला ताप चढला की घरात कुणीतरी हमखास सुचवतंच, "कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेव, नाहीतर स्पिरिटनं अंग पुसून काढ. ताप झटकन उतरेल!" हात लावला तर अंग गार लागतं, म्हणून आपलाही विश्वास बसतो. पण हा गारवा येतो कुठून आणि ते स्पिरिट जातं कुठे?

स्पिरिट म्हणजे अल्कोहोल. ते भराभर उडतं आणि उडताना त्वचेची उष्णता घेऊन जातं. अंग असं एकदम गार पडलं की मूल कुडकुडू लागतं आणि कुडकुडण्यानं आतली उष्णता उलट वाढते. शिवाय उडालेली वाफ मुलाच्या नाकाशीच असते. ती श्वासावाटे रक्तात जाते. थोडं अल्कोहोल त्वचेतूनही आत झिरपतं.

मग आपण हाताला सॅनिटायझर चोळतो त्याचं काय? ती भीती नको. आपल्या त्वचेचा वरचा थर भिंतीसारखा असतो: पेशींच्या विटा आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा लेप. तळहातावरचं बरंचसं सॅनिटायझर अर्ध्या मिनिटात उडून जातं, आत जातं ते अगदी नगण्य. तान्ह्या बाळाचं मात्र तसं नाही. वजनाच्या मानानं त्याची त्वचा आपल्यापेक्षा दुपटीहून जास्त असते, शिवाय नाजूकही. त्यातून ओली पट्टी वरून झाकली, तर अल्कोहोलला उडायला वाव नाही. ते आतच शिरतं. पोट दुखतं म्हणून बाळांच्या पोटावर अल्कोहोलच्या पट्ट्या बांधल्या आणि बाळांना विषबाधा झाली, अशी नोंद अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी १९६८ साली केली आहे. अल्कोहोलनं लहान मुलाच्या रक्तातली साखरही उतरते, ते वेगळंच.

आत गेलेलं अल्कोहोल निस्तरायचं काम मुख्यतः यकृताचं. मोठ्या माणसाचं यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम इथेनॉल मोडतं आणि शेवटी त्याचं पाणी नि कार्बन डायऑक्साइड होतं. थोडंसं श्वासातून नि लघवीतून तसंच बाहेर पडतं. काही स्पिरिटमध्ये इथेनॉलऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं. त्याचं शरीरात अ‍ॅसिटोन होतं, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं तेच! ते हळूहळू बाहेर पडतं, म्हणून गुंगी बराच वेळ टिकते.

तिसरं मिथेनॉल, सगळ्यांत घातक. रंगाच्या काही थिनरमध्ये ते असतं. यकृत त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड करतं आणि त्यानं दृष्टी जाऊ शकते, जीवही जातो. मुंबईत मालवणीला २०१५ साली विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती याच मिथेनॉलमुळे. ते त्वचेतूनही शिरतं. तेव्हा खिडक्या लावून थिनरनं हात पुसत बसू नका. साबण-पाणी वापरा.

तर मग तापाला काय करायचं? अंगावर सुती, सैल कपडे घाला. पाणी, पेज, सरबत थोडं थोडं पाजत राहा. तान्ह्याला अंगावरचं दूध वरचेवर द्या. पुसायचंच असेल तर कोमट पाण्यानं पुसा, फ्रिजच्या पाण्यानं नको. तापाचं औषध डॉक्टर वजनानुसार सांगतील तेवढंच द्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा. सासूबाईंनी कोलन वॉटरची बाटली काढलीच, तर वाद न घालता त्यांच्या हाती पाण्याची वाटी नि मऊ फडकं द्या. पट्टी ठेवल्याचं समाधान त्यांनाही मिळेल.

स्पिरिट लावल्यावर मूल पेंगुळलं, उलट्या करू लागलं किंवा श्वास मंदावला, तर ओले कपडे काढा, अंग पाण्यानं धुऊन कोरडं करा, मोकळ्या हवेत आणा आणि लगेच इस्पितळात न्या. बाटली बरोबर घ्या; कोणतं अल्कोहोल आहे हे कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो. आणि हो, स्पिरिट, थिनर, सॅनिटायझर कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. वरच्या फळीवर, कुलुपात, मूळच्या बाटलीतच असू द्या.