कार्ब्युरेटरचा स्क्रू : एक क्रिया, दोन अर्थ

लहान पेट्रोल-एंजिनाच्या मंदगतीचे मिश्रण ज्या स्क्रूने जुळवितात, तो आवळल्याने मिश्रण दाट होते की विरळ, हे स्क्रूच्या स्थानावरून ठरते. थ्रॉटलच्या अलीकडे, हवेच्या वाटेवर असलेला स्क्रू आवळला की हवा घटून मिश्रण दाट होते. थ्रॉटलपलीकडे, एंजिनाच्या बाजूचा स्क्रू आवळला की पेट्रोलच कमी मिळून ते विरळ होते. ‘अर्धा फेरा आवळा’ ही सूचना म्हणूनच अपुरी होय. दाट मिश्रणाने प्लग काजळतो, अतिविरळ मिश्रणाने एंजिन अडखळून बंद पडते. अर्थात जेट तुंबलेला असता स्क्रू फिरविणे व्यर्थच. आधी तो साफ करावा, तोही तारेने नव्हे, कारण तारेने छिद्र रुंदावते. मग एंजिन तापवून, गती सर्वाधिक भरेल तेथे स्क्रू ठेवावा.