पिवळ्या कार्डाची तारीख

दिवाळीनंतर नैरोबीहून पुतण्याचे आग्रहाचे निमंत्रण आले. आपल्या समाजातील अनेक घराण्यांचे पूर्व आफ्रिकेशी व्यापारी नाते शतकाहून जुने असल्याने केनिया आम्हांला परका वाटलाच नाही. मसाई मारा पाहून पुढे टांझानियातील सेरेंगेटीला जावे, असा बेत ठरला. तिकिटे निघाली, खाखरे-थेपले मोजून बांधले गेले. लसीचा विचार मात्र सर्वांत शेवटी झाला, आणि तेथेच आमचे चुकले.

पीतज्वर, म्हणजेच यलो फिव्हर, हा डासांमार्फत पसरणारा विषाणूजन्य आजार. त्यावर नेमके औषध नाही. लस मात्र अत्यंत परिणामकारक आहे. भारतात हा आजार नाही, परंतु तो पसरवणारा एडिस डास, जो आपल्याकडे डेंगी पसरवतो, येथे मुबलक आहे. म्हणून बाधित देशांतून परतणाऱ्यांविषयी आपले सरकार कठोर असते. वैध दाखला नसेल, तर प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. केनियातून टांझानियात प्रवेश करतानाही हा दाखला लागतो.

लस टोचल्यावर दाखला वैध होण्यास दहा दिवस लागतात. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर पावती आज हाती पडते, पण रक्कम दहा दिवसांनी जमा होते. सहलीची व्यवस्था पाहणाऱ्याने ‘आदल्या आठवड्यात टोचून घ्या’ असे सांगितले होते. निघायला पाच दिवस उरलेले, आणि टांझानियाची सीमा प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी. आयुष्यभर तारखांचे हिशेब केलेल्या माणसाला हे आधी सुचू नये, याची खंत वाटली. तिकिटे पुढे ढकलून फरकाची रक्कम भरली.

लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते. तेथे डॉक्टरांनी विचारले, “अंड्याची ॲलर्जी आहे का?” आमची सौ. म्हणाली, “डॉक्टर, आम्ही अंडे कधी खाल्लेच नाही, मग ॲलर्जी आहे की नाही हे कळणार कसे?” डॉक्टर हसले नाहीत. पूर्वी एखाद्या लसीने त्रास झाला होता का, दमा आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हे सारे विचारून टोचल्यावर अर्धा तास समोर बसवून ठेवले.

हा प्रश्न अनेकांना खटकेल. ही लस कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर विषाणू वाढवून तयार होते, आणि व्यवहारात तिला दुसरा पर्याय मिळत नाही. सौ.ने आपल्या गुरुणींशी बोलून निर्णय घेतला. ज्यांचे मन मानत नाही, त्यांनी दुसरा देश निवडावा. त्यात कमीपणा नाही. मात्र “साहेब, न टोचता कार्ड मिळवून देतो” म्हणणारा दलाल आम्हांलाही भेटला होता. खोटा दस्तऐवज शेवटी खोटाच, आणि डास कार्ड वाचून चावत नाही.

साठी उलटल्यावर प्रथमच ही लस घेताना गंभीर दुष्परिणामाचा धोका, अत्यंत दुर्मीळ असला तरी, तरुणांपेक्षा अधिक असतो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आमच्या थोरल्या बंधूंना डॉक्टरांनी स्पष्ट नकार दिला. त्यांनी सम्मेद शिखरजीची यात्रा ठरवली, आणि आमच्यापेक्षा अधिक प्रसन्न होऊन परतले.

एकदा टोचलेली लस २०१६ सालापासून आजन्म वैध मानली जाते. कार्डावरील नाव व पासपोर्ट क्रमांक तेथेच तपासून घ्यावेत. आमच्या कार्डावर एक अंक चुकला होता. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या लसींविषयी, तसेच मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना निघण्यापूर्वी चार-सहा आठवडे विचारावे. पाण्याच्या बाबतीत आपली जुनी रीत उपयोगी पडते, पण नुसते गाळून चालत नाही, उकळावेच लागते. बर्फ आणि कापून ठेवलेली फळे आम्ही टाळली. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, एडिस दिवसा. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे दिवसभर अंगावर होते.

परतताना मुंबईच्या विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्यांनी आमचे कार्ड जेमतेम अर्धा मिनिट पाहिले. शेजारच्या खिडकीवर मात्र एक तरुण दांपत्य दोन लहान मुलांसह थांबले होते. त्यांच्या कार्डांवरील तारीख सहाच दिवसांपूर्वीची होती.