चौकट : मैदान एक, खेळ अनेक

मोठं मैदान एकाच खेळाला वाहिलेलं असावं, असा आग्रह धरला जातो. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचा अनुभव मात्र वेगळं सांगतो. २००८ मध्ये आयपीएलचा पहिला अंतिम सामना इथेच रंगला. पुढे २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई फुटबॉल स्पर्धेचा आणि १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचाही अंतिम सामना याच हिरवळीवर झाला, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक उंचावला. महिलांच्या खेळाला एवढं भव्य मैदान स्वतंत्रपणे कोण बांधून देणार होतं? सामायिक मैदान होतं, म्हणून ते मिळालं. माझ्या मते हीच त्याची सर्वांत मोठी कमाई.

आक्षेप खोटे नाहीत. लंबगोल मैदानात फुटबॉलचा प्रेक्षक खेळापासून लांब पडतो, आणि मधली २२ यार्डांची टणक खेळपट्टी नीट झाकली नाही तर चेंडू वेडावाकडा उसळतो. मैफलींच्या मंचाखाली गवत दबतं, हेही खरंच. पण जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या बँडचे तीन कार्यक्रम झाले आणि त्याच वर्षी विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथेच झाला. वेळापत्रकात गवताला सावरायला पुरेसे दिवस राखले, तर दोन्ही जमतं.