कुळागर आणि शेजार

गोव्यात डोंगराच्या पायथ्याशी, झऱ्याच्या पाण्यावर पोसलेले कुळागर म्हणजे एकाच जमिनीवर उभे राहिलेले बहुमजली घरच होय. वर माड व पोफळी, त्यांच्या खोडांवर चढलेल्या मिरवेली, मधल्या थरात जायफळ व केळी, तळाशी अननस, हळद आणि आले. ज्याला जेवढे ऊन हवे तेवढे त्याला मिळते. गळालेल्या झावळ्यांचे खत मात्र सर्वांचे.

परंतु ही रचना केवळ जमिनीच्या गुणाने टिकत नाही. तिच्यामागे शेजाराची देवघेव असते. जायफळाचेच पाहा. बियांपासून वाढविलेले झाड नर की मादी, हे ते फुलेपर्यंत कळत नाही, आणि तोवर कित्येक वर्षे लोटतात. नर निघाले की फळ नाही. अशा वेळी शेजाऱ्याच्या मादी झाडाची कलमकाडी, आणि ती बांधण्याची त्याची समज, हीच ती वर्षे वाचविते. केळीचे मुनवे, हळदीचे कंद यांचा प्रवासही असाच हातोहात होतो.

२००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा बियाणे देण्याघेण्याचा हक्क मान्य केला. मात्र कायदा हक्क राखील. सवय राखणे त्याच्या हाती नाही. घराला कुलूप लागून कुळागर ओसाड पडते, तेव्हा झाडांबरोबर त्यांची रीत सांगणारा शेजारीही हरपतो. विकत आणलेल्या रोपासोबत ते शहाणपण येत नाही. म्हणूनच शेजाऱ्याला दिलेली फांदी हा निव्वळ उपकार नव्हे. आपले झाड मेले, तरी त्याचा वंश कुंपणापलीकडे जिवंत राहतो.