आखूड केलेली रायफल

१९१७ च्या अखेरीस रशियाची आघाडी कोसळली आणि लाखो शेतकरी-शिपाई आपापल्या गावाच्या वाटेला लागले. पुष्कळांनी सरकारी रायफल परत केलीच नाही. ही रायफल म्हणजे झारच्या सैन्याने १८९१ साली स्वीकारलेली मोसिन-नागान. लांबी सुमारे १३० सेंटिमीटर, त्यातली नळीच ८० सेंटिमीटरची. संगीन चढवली की पुरुषभर उंच. खंदकात त्या उंचीचा उपयोग होता. झोपडीत ती लपवायची कुठे? पुढे बोल्शेविक सरकारची धान्यवसुलीची पथके दाराशी येऊ लागली, झडत्या सुरू झाल्या, तेव्हा गावकऱ्यांनी नळी पुढून आणि दस्ता मागून कापला. उरली ती हातभर लांबीची, पाच गोळ्या घेणारी, मेंढीच्या कातड्याच्या कोटाखाली मावणारी वस्तू. रशियन लोक तिला ‘ओब्रेज’ म्हणतात.

तांबोव प्रांतात १९२० ते २१ मध्ये अलेक्सांद्र अंतोनोव याच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे बंड उसळले. ते मोडायला लाल सैन्याचा सेनापती तुखाचेव्हस्की याला फौज घेऊन यावे लागले. पुढे दहाएक वर्षांनी सामूहिक शेतीची सक्ती आली. तोवर हे हत्यार सोव्हिएत प्रचारात ‘कुलकाचा ओब्रेज’ म्हणून रूढ झाले होते : श्रीमंत, कपटी शेतकरी कुंपणाआडून पक्षाच्या कार्यकर्त्यावर गोळी झाडतो, असे ते ठरीव चित्र. असे खून झाले, हे खरेच. पण ज्यांच्या घरातले बियाणेसुद्धा उचलून नेले गेले, त्यांच्याही हाती हेच हत्यार होते. माझ्या मते ओब्रेजचा इतिहास सांगताना या दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला हव्यात.

गंमत अशी की, त्याच काळात जगातली सरकारेही आपापल्या रायफली आखूड करत होती. पूर्वी शिपाई दोन रांगांत उभे राहून गोळ्या झाडत, तेव्हा मागच्याची नळी पुढच्याच्या कानापलीकडे जायला हवी होती. घोडदळ अंगावर आले तर संगिनीची लांबी कामी येई. धूरविरहित दारू आणि लांब पल्ल्याच्या गोळ्या आल्यावर ही दोन्ही कारणे विरली. बोअर युद्धाने ब्रिटिशांना धडा दिला. पायदळाला लांब आणि घोडदळाला आखूड अशा दोन रायफली बाळगण्यापेक्षा सर्वांना मिळून एकच मधली द्यावी, असे ठरले. लांब ली-एनफिल्डची नळी ३०.२ इंचांची होती, नवी आखूड रायफल २५.२ इंचांच्या नळीची आली. जर्मनांनी आपली ७४ सेंटिमीटरची नळी १९३५ मध्ये ६० वर आणली. खुद्द मोसिनचे १९४४ चे कार्बाइन जुन्या रायफलीहून चांगले वीतभरापेक्षा जास्त आखूड होते.

या कुळातली सर्वांत बोलकी रायफल म्हणजे ब्रिटिशांची नंबर पाच, अर्थात जंगल कार्बाइन. १९४४ मध्ये ती कारखान्यातून बाहेर पडू लागली. नळी जेमतेम पावणेएकोणीस इंचांची, वजन सुमारे ३.२ किलो. वजन घटवण्यासाठी जिथून शक्य होते तिथून पोलाद तासून काढले होते. नळीच्या टोकाला नरसाळ्यासारखी ज्वाळा झाकणारी टोपी बसवली, दस्त्याला रबराची गादी लावली. इतके करूनही शिपायांची तक्रार आली की, आज जुळवलेला नेम उद्या सरकतो. त्याचे कारण शोधण्याचे बरेच प्रयत्न झाले, पण दोष पुरता गेला नाही, आणि १९४७ मध्ये उत्पादन थांबले. निष्णात अभियंते, चाचणीची मैदाने, कारखान्याची यंत्रे हाताशी असताना ही गत! मग गोठ्यात लोखंडी करवतीने कापलेल्या नळीकडून नेमाची अपेक्षा कोण करणार?

पुढे या जंगल कार्बाइनला अमेरिकेत हौशी गिऱ्हाईक मिळाले, आणि अस्सल नग पुरेनात. १९६२ च्या चीन युद्धानंतर बंगालच्या ईशापूर कारखान्यात ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी २ए आणि २ए१ या बोल्ट रायफली बनल्या होत्या. त्यातल्या जुन्या झालेल्या परदेशी विकल्या गेल्या, आणि अमेरिकेतल्या गिब्ज कंपनीने त्या आखूड करून जंगल कार्बाइनच्या थाटात बाजारात आणल्या. आपल्या कारखान्यातले पोलाद अशा रूपाने अमेरिकन शिकाऱ्याच्या गाडीत जाऊन बसले.

नळी आखूड झाली की नेमके काय बिघडते, हे समजून घेण्यासारखे आहे. रायफलीच्या काडतुसातली दारू एका क्षणात जळून संपत नाही; गोळी नळीतून पुढे सरकत असताना ती जळत राहते आणि मागून रेटा देते. लांब नळीसाठी मोजून भरलेली दारू तोकड्या नळीत पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते. उरलेली दारू तोंडाशी पेटते. मोठी ज्वाळा उठते, आवाज कानठळ्या बसवतो, गोळीचा वेग मात्र घटतो. साध्या रायफलीचा आवाजही १४० डेसिबलच्या, म्हणजे कानाला एका बारात इजा करणाऱ्या पातळीच्या, वर जातो; इथे तोच आवाज नेमबाजाच्या चेहऱ्याजवळ येतो. दस्ता नसल्याने धक्का खांद्याऐवजी मनगटावर बसतो. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांतले अंतर घटते, कित्येकदा पुढची खूण नळीबरोबरच कापली जाते. शिवाय बोल्ट रायफलीत दर गोळीनंतर हात उचलून बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. खांद्याचा आधार नसला की त्या वेळी नळीचे तोंड कुठेही भरकटते. एनसीसीत पॉइंट टू-टूची रायफल हाताळलेल्या प्रत्येकाला पहिला नियम आठवत असेल : तोंड नेहमी सुरक्षित दिशेला. हातभर लांबीच्या हत्याराचे तोंड बाळगणाऱ्याच्याच मांडीकडे वळायला कितीसा वेळ लागतो?

म्हणजे कापून मिळते ते एकच, लपवण्याची सोय. कायद्याचा रोखही तिथेच आहे.

अमेरिकेत १९३४ साली राष्ट्रीय बंदूक कायदा झाला. मूळ मसुद्यात पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती. पिस्तुलावर बंधन घातले तर लोक रायफलच कापून पिस्तूल करतील, म्हणून आखूड रायफलीही यादीत आल्या. वाटाघाटीत पिस्तुले वगळली गेली, आखूड रायफली मात्र तशाच राहिल्या. तेव्हापासून तिथे हा विचित्र प्रकार चालू आहे : पिस्तूल त्या कायद्याबाहेर, पण आजच्या नियमाप्रमाणे सोळा इंचांहून आखूड नळीची किंवा एकूण सव्वीस इंचांहून लहान रायफल नोंदवावी लागते. त्यावर २०० डॉलरचा कर होता, आणि १९३४ मध्ये जवळपास तेवढ्यात एक टॉमी गन येत असे. १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आला आहे; नोंदणी अजून सुटलेली नाही.

याच कायद्याखाली कापलेल्या शॉटगनचा एक खटला १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. आरोपी जॅक मिलरच्या बाजूने न्यायालयात कोणी उभेही राहिले नाही, आणि निकालाआधीच त्याचा खून झाला होता. तरीही शस्त्र बाळगण्याच्या हक्काविषयी पुढे सात दशके याच निकालाचे दाखले दिले गेले. १९९२ मध्ये आयडाहोच्या रुबी रिजला वेढा पडला, त्याचे मूळही दोन कापलेल्या शॉटगन विकल्याच्या आरोपात होते. आरोपी रँडी वीव्हरचा चौदा वर्षांचा मुलगा, त्या मुलाची आई आणि एक मार्शल असे तिघे मेले. नंतर ज्यूरीने वीव्हरला त्या शॉटगनच्या आरोपातून मुक्त केले. नळीच्या काही इंचांवरून एवढा अनर्थ व्हावा, हे मला आजही सहन होत नाही.

नळी कापण्याच्या बाबतीत भारतीय कायदा इंचपट्टी काढतच नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ६ सांगते की, परवान्याशिवाय कोणत्याही बंदुकीची नळी आखूड करायची नाही. हातातले हत्यार परवान्याचे असले, तरी बंदूक बाळगण्याचा परवाना नळी कापायची मुभा देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षे, आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. शिक्षा जबर आहे, पण मला ही मांडणी अमेरिकेच्या मोजमापापेक्षा स्वच्छ वाटते. ती लांबीवर न बोलता कृतीवर बोलते.

आपल्याकडे खरी अडचण मात्र करवतीची नाही, काडतुसाची आहे. इंग्रजांना भीती होती की सैन्याची काडतुसे बंडखोरांच्या हाती लागतील. म्हणून पोलिसांसाठी ली-एनफिल्डच्या .४१० बोअरच्या गुळगुळीत नळीच्या मस्केट केल्या गेल्या, आणि नागरिकांना .३०३ ऐवजी .३१५ ची रायफल दिली गेली. ईशापूरची ती .३१५ रायफल शेतराखण आणि शिकारीसाठी परवान्यावर विकली गेली. आज उत्तर प्रदेश-बिहारच्या कट्ट्यांत, म्हणजे गावठी पिस्तुलांत, हेच .३१५ चे काडतूस घातले जाते. रायफलीची दारू, वितीएवढी नळी, आणि नळी म्हणून कसलाही पाइप. रायफल न कापताच कापलेल्या रायफलीचे सगळे दोष त्यात उतरतात, वर तो हातात फुटण्याची भीती.

महाराष्ट्रातही जुन्या वाड्यांच्या माळ्यावर आजोबांची बंदूक निघते. परवानाधारक वारल्यावर ती घरात ठेवणे बेकायदा ठरते. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते, आणि वारसाला हवी असेल तर त्याने स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. नळी कापलेली दिसली, तर ती रिकामी आहे का हे पाहायलाही बोल्टला हात लावू नये. घरातल्या मुलांना दूर ठेवून ठाण्यात कळवावे आणि माणूस घरी बोलवावा.