आधी खड्डा, मग रोप

आज आपण एक साधा प्रश्न घेऊ. अंगणात अनंत लावायचा आहे, तर तयारी कशी करायची? तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात हे कुठून आलं, असं कुणी विचारेल. पण गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे शरीर असा अर्थ घेतात. आपण आजच्यापुरता त्याचा अर्थ 'जागा' असा घेऊ.

आपली सुरुवात बहुतेक वेळा कर्त्यापासून होते. 'मला अनंत हवा.' रोपवाटिकेतून फुललेलं रोप आणतो, वीतभर उकरतो, लावतो. काही महिन्यांनी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग आपण खत वाढवतो, पाणी वाढवतो, आणि रोप जातं. माया कमी पडलेली नसते, जागेची चौकशी राहिलेली असते.

नाशिकला मोगल काळात गुलशनाबाद म्हणत. त्यामुळे इथे काहीही फुलेल असं आपल्याला वाटतं. पण आपल्याकडची काळी माती बेसाल्ट खडकातून झालेली. ती चिकण असते, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यात पुष्कळदा चुनखडी असते. अनंताला आम्लधर्मी माती लागते. चुनखडीच्या मातीत लोह असूनही त्याच्या मुळांना ते घेता येत नाही, म्हणून ती पिवळी पानं. नव्या बांधकामाच्या अंगणात तर मातीखाली सिमेंटचा राडारोडाही असतो, तोही चुन्याचाच भाऊ.

म्हणून पहिली परीक्षा मातीची. वाळलेल्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाकायचं. फसफसलं तर चुनखडी आहे. दुसरी परीक्षा पाण्याची. मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा. पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उभंच असेल, तर तिथे मुळं कुजतील.

दोन्ही परीक्षांत जागा उतरली, तर खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्यावा. मग निघालेल्या मातीत तिच्या निम्मं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरावं, जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच, कारण माती नंतर बसते. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की संध्याकाळी रोप लावावं.

आणि माती फसफसली तर? तर अनंत मोठ्या कुंडीत, लाल माती आणि कंपोस्टमध्ये लावावा. जमिनीत कण्हेर तग धरेल, पण ती सर्वांगाने विषारी, घरात लहान मूल असेल तर नकोच. तिथे तगर बरी. इच्छा सोडायची नाही, तिची जागा बदलायची.

एवढं करूनही रोप जाऊ शकतं. पाऊस लांबतो, हुमणी लागते. ते दैव. पण त्या यादीत दैवाचा क्रमांक पाचवा आहे. पहिल्या चारांची विचारपूस न करता त्याला बोल लावणं योग्य नाही.

तेव्हा या रविवारी एक ढेकूळ आणि चमचाभर व्हिनेगर, एवढंच करू. रोपवाटिकेत त्यानंतर जाऊ.