विश्लेषण : ‘सस्पेंड’ केलेले व्हर्च्युअल मशीन पुन्हा सुरू होते, पण त्याचे इंटरनेट का जाते?

लॅपटॉपवर विंडोज, त्यात व्हीएमवेअर किंवा व्हर्च्युअलबॉक्स आणि त्याच्या आत उबुंटू, अशी मांडणी अभियांत्रिकीचे विद्यार्थी, सॉफ्टवेअर टेस्टर आणि घरून काम करणाऱ्या अनेकांच्या सवयीची झाली आहे. रात्री ‘सस्पेंड’ करून ठेवलेले मशीन सकाळी ‘रिझ्युम’ केले की उघड्या खिडक्या, अर्धवट लिहिलेला कोड सारे जिथल्या तिथे दिसते. इंटरनेट मात्र नसते. बाहेर विंडोजवर सगळी संकेतस्थळे उघडत असतात, आत काहीच चालत नाही. अशा वेळी वैतागून मशीनच पुसून नवे घालणारे कमी नाहीत. त्यासोबत प्रकल्पाचे कामही जाते. बहुतेक वेळा याची गरज नसते. हा बिघाड का होतो आणि तो कसा दूर करावा, याविषयी...

‘सस्पेंड’ केल्यावर नेमके काय होते?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरच्या मदतीने उभा केलेला दुसरा संगणक. बाहेरच्या खऱ्या संगणकाला ‘होस्ट’ आणि आतल्याला ‘गेस्ट’ म्हणतात. गेस्ट ‘शट डाऊन’ केला, तर त्यातील कार्यप्रणाली सर्व प्रोग्रॅम बंद करते आणि पुढच्या वेळी सगळे नव्याने सुरू होते. ‘सस्पेंड’मध्ये तसे होत नाही. गेस्टच्या मेमरीतील मजकूर आहे त्या क्षणी गोठवून होस्टच्या डिस्कवर लिहून ठेवला जातो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये याच सोयीला ‘सेव्ह स्टेट’ म्हणतात. गेस्टला ४ जीबी मेमरी दिली असेल, तर ही फाइलही जवळपास तेवढी मोठी होऊ शकते. ‘रिझ्युम’ केल्यावर तोच मजकूर पुन्हा मेमरीत येतो. त्यामुळे गेस्टच्या लेखी मधली रात्र झालेलीच नसते. बाहेरचे जग मात्र पुढे गेलेले असते. नेटवर्क तुटण्याची बहुतेक कारणे या तफावतीत आहेत.

या तफावतीचा फटका नेटवर्कलाच का बसतो?

फाइल किंवा प्रोग्रॅम गेस्टच्या स्वतःच्या ताब्यात असतात. नेटवर्क मात्र दोन बाजूंच्या सहमतीवर चालते. संगणकाला मिळणारा आयपी पत्ता हे त्याचे उदाहरण. डीएचसीपी या पद्धतीने मिळणारा पत्ता कायमचा नसतो, तो ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिल्यासारखा असतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी २१३१’ या मानकानुसार, मुदतीचा निम्मा काळ सरला की संगणक नूतनीकरणाची विनंती करतो. गोठवलेल्या मशीनला ती करता येत नाही. व्हीएमवेअरच्या स्वतःच्या आभासी नेटवर्कमध्ये ही मुदत मुळात ३० मिनिटांची ठेवलेली असते. रात्रभरात ती कधीच संपलेली असते.

दुसरे कारण म्हणजे बदललेली जागा. व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क साधारणपणे दोन प्रकारे जोडतात. ‘नॅट’ प्रकारात गेस्ट होस्टच्या आडोशाने इंटरनेट वापरतो. ‘ब्रिज्ड’ प्रकारात तो घरातल्या किंवा कार्यालयातल्या राउटरकडून स्वतंत्र संगणकासारखा वेगळा पत्ता घेतो. घरी ब्रिज्ड पद्धतीने जोडलेले मशीन सस्पेंड करून महाविद्यालयात उघडले, तर ते घरच्या राउटरचाच पत्ता धरून बसते. नॅटमध्ये हा धोका कमी असतो. तरीही आधीच्या ठिकाणच्या डीएनएस सर्व्हरचा, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेचा, जुना पत्ता गेस्टकडे राहू शकतो.

तिसरे कारण होस्टवर असते. विंडोजवर व्हीएमवेअरचे आभासी नेटवर्क ‘व्हीएमवेअर नॅट सर्व्हिस’ आणि ‘व्हीएमवेअर डीएचसीपी सर्व्हिस’ या दोन सेवांवर चालते. लॅपटॉप झोपून उठल्यावर त्या अडकल्या, तर गेस्टमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग होत नाही.

लिनक्स गेस्टमध्ये वेगळे काही घडते का?

हो. व्हीएमवेअरच्या गेस्टमध्ये ‘व्हीएमवेअर टूल्स’ किंवा तिची मुक्त आवृत्ती ‘ओपन व्हीएम टूल्स’ बसवलेली असते. मशीन सस्पेंड होताना तिची एक स्क्रिप्ट चालते. विंडोज गेस्टमध्ये ती डीएचसीपीचा पत्ता परत करते, तर लिनक्समध्ये नेटवर्क बंद करते. रिझ्युम होताना दुसरी स्क्रिप्ट ते पुन्हा सुरू करते. हेतू चांगलाच आहे, कारण जुना पत्ता घेऊन उठण्यापेक्षा नवा मागितलेला बरा. पण दुसरी स्क्रिप्ट काही कारणाने अपुरी राहिली, तर नेटवर्क बंदच राहते.

यातली मेख अशी, की लिनक्समधील ‘नेटवर्क मॅनेजर’ हा प्रोग्रॅम नेटवर्क चालू की बंद, याची नोंद डिस्कवर ठेवतो. त्यामुळे नोंद ‘बंद’ अशी झाली असेल, तर गेस्ट रीस्टार्ट करूनही इंटरनेट येत नाही. मशीन कायमचे बिघडले, असा समज अनेकांचा होतो तो इथेच.

बिघाड कुठे आहे, हे कसे ओळखावे?

आतून बाहेर, एकेक पायरी तपासत जाणे हा खात्रीचा मार्ग. पहिल्यांदा गेस्टमध्ये आयपी पत्ता आहे का, ते पाहावे. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ आणि लिनक्समध्ये ‘आयपी ॲड्रेस’ ही आज्ञा ते दाखवते. पत्त्याची जागा रिकामी असेल किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर डीएचसीपीकडून उत्तर आलेले नाही. विंडोज अशा वेळी स्वतःच हा कामचलाऊ पत्ता घेते.

पत्ता असेल, तर गेटवेला ‘पिंग’ करावे. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये गेटवे सहसा १०.०.२.२ असतो आणि गेस्टचा पत्ता १०.०.२.१५. व्हीएमवेअरच्या नॅटमध्ये गेटवेच्या पत्त्याचा शेवटचा आकडा सहसा २ असतो. गेटवेकडून उत्तर आले, तर ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला पिंग करावे. तेही चालत असेल आणि फक्त नावाने संकेतस्थळ उघडत नसेल, तर दोष डीएनएसचा. काही कार्यालये पिंग अडवतात, त्यामुळे तिथे केवळ पिंगच्या भरवशावर निष्कर्ष काढू नये.

कोणत्या बिघाडावर कोणता उपाय?

पहिला आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे आभासी केबल काढून पुन्हा लावणे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘डिव्हायसेस’ मेनूतील ‘नेटवर्क’मध्ये जाऊन ‘कनेक्ट नेटवर्क ॲडाप्टर’ची खूण काढावी आणि काही सेकंदांनी पुन्हा करावी. व्हीएमवेअरमध्ये नेटवर्क ॲडाप्टरच्या सेटिंगमध्ये ‘कनेक्टेड’ची खूण अशीच काढून लावता येते. केबल निघाली असे समजून गेस्ट बहुधा नवा पत्ता मागतो.

तेवढ्याने भागले नाही, तर पत्ता हाताने मागावा. विंडोज गेस्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ आधी ‘रिलीज’ आणि मग ‘रिन्यू’ या पर्यायासह चालवावे. उबुंटू किंवा फेडोराच्या डेस्कटॉप आवृत्तीत टर्मिनल उघडून ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑफ’ आणि नंतर ‘एनएमसीएलआय नेटवर्किंग ऑन’ या आज्ञा द्याव्यात. वर सांगितलेली डिस्कवरची ‘बंद’ ही नोंदही त्याने दुरुस्त होते. तरीही पत्ता येत नसेल, तर नेटवर्क मॅनेजर ही सेवा रीस्टार्ट करावी.

गेस्टला पत्ताच मिळत नसेल, तर होस्टकडे वळावे. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ खिडकीत व्हीएमवेअरच्या नॅट आणि डीएचसीपी या दोन्ही सेवा रीस्टार्ट कराव्यात. मशीन ब्रिज्ड असेल, तर ते कोणत्या कार्डाशी जोडले आहे ते पाहावे. व्हीएमवेअरमध्ये हा पर्याय ‘ऑटोमॅटिक’ असताना वायफायऐवजी रिकामे इथरनेट कार्ड किंवा व्हीपीएनचे आभासी कार्ड निवडले जाऊ शकते. ‘व्हर्च्युअल नेटवर्क एडिटर’मध्ये वायफाय कार्ड नेमून दिले की हा गोंधळ थांबतो. ब्रिज्ड गेस्टला हाताने पत्ता दिला असेल, तर जागा बदलल्यावर तोही बदलावा लागतो.

पत्ता, गेटवे सारे ठीक असूनही संकेतस्थळे उघडत नसतील तर?

गेस्टचे घड्याळ पाहावे. गोठवलेल्या मशीनचे घड्याळही थांबलेले असते. रिझ्युमनंतर ते होस्टशी जुळले नाही, तर तास किंवा दिवसही मागे राहू शकते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक तारखांदरम्यानच ग्राह्य असल्याने ब्राउझर प्रमाणपत्राची त्रुटी दाखवतो. कार्यालयांच्या विंडोज नेटवर्कमधील कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत मुळात ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते. त्याहून मोठा फरक असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश मिळत नाही. अशा वेळी दोष नेटवर्कचा वाटला तरी उपाय घड्याळ जुळवण्याचा असतो.

कोणत्या गोष्टी परत येत नाहीत?

सस्पेंड करताना चालू असलेली डाउनलोड, दूरच्या सर्व्हरवरील एसएसएच सत्र, डेटाबेसची जोडणी यांची वाट पाहू नये. पलीकडच्या सर्व्हरने उत्तर न आल्याने ती जोडणी सोडून दिलेली असू शकते. ती नव्याने जोडावी लागते. हा बिघाड नव्हे.

पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे?

जागा बदलून काम करणाऱ्यांनी ब्रिज्डऐवजी नॅट वापरावे. दुसऱ्या संगणकाने थेट गेस्टशी बोलायचे असेल, तरच ब्रिज्डची गरज लागते. गेस्टमधील टूल्स अद्ययावत ठेवावीत. दोन-तीन तासांच्या विश्रांतीसाठी सस्पेंड सोयीचे आहे. दिवसभराहून अधिक खंड पडणार असेल किंवा दुसऱ्या नेटवर्कवर जायचे असेल, तर शट डाऊन केलेले बरे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे इंटरनेट आले नाही म्हणून घाईने व्हर्च्युअलबॉक्समधील ‘डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट’ दाबू नये. त्याचा परिणाम चालू संगणकाची वीज अचानक काढण्यासारखा असतो आणि जतन न केलेले काम जाते. आधी मशीन रिझ्युम करावे, फाइल जतन कराव्यात आणि मगच दुरुस्तीला हात घालावा. नेटवर्क नंतरही जोडता येते. न जतन केलेला कोड मात्र परत मिळत नाही.